गॅरेजमधली शाल

रविवारी सकाळी अवोन्डेलच्या बाजाराकडे निघालेल्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक सासू आणि सून बसल्या होत्या.

"आई, अक्षतने काल घरी केलेल्या बिअरची पहिली बाटली उघडली. तिला केळ्याचा वास येतोय. बाबांच्या पंच्याहत्तरीला त्यांची ती पुण्याची लागर बिअर हुबेहूब करायची होती त्याला."

"अगं स्वानंदी, ते पिंप तीन आठवडे गॅरेजमध्ये नुसतं गारठत होतं."

"लागर गारच ठेवायची असते. ऊब लागली की असा वास येतो."

"मला काय माहीत? मी रोज शाल गुंडाळत होते. शेजारी गरम पाण्याची पिशवीही ठेवायचे."

"आई, ते काय इडलीचं पीठ आहे?"

"इथल्या थंडीत पीठ शाल गुंडाळली तरच फुगतं. तुम्ही ऑफिसातून यायच्या आत सगळं काढून ठेवायचे."

"आता तो सगळ्या बाटल्या ओतून द्यायला निघालाय."

"ओतू नको म्हणावं. काल तुम्ही बाहेर गेलात तेव्हा यांनी ती उघडलेली बाटली संपवली."

"बाबांनी? काय म्हणाले?"

"म्हणाले, पुण्यातली ती मी चाळीस वर्षं मित्रांखातर प्यायलो, ही मात्र आवडली. पुढच्या वेळी शाल दुहेरी गुंडाळ."