घरी आधी लावून बघितलेला नंबर

दादा : शटर उघडणार नाही. आधी हे डबडं चालू कर, मग सगळे बाहेर.

कॉम्प्युटरवाला : शेठ, तुमच्या भावाचं मनगट लोंबतंय. दवाखान्यात न्या त्याला.

दादा : त्याला काही होत नाही. लहानपणापासून चिवट आहे. तू स्क्रीनकडे बघ.

धाकटा : बघ रे बाबा. नाहीतर पुढचा पाना तुझ्या टाळक्यात.

कॉम्प्युटरवाला : केलंत काय तुम्ही?

धाकटा : कटिंग मशीनचं नवं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या होम व्हर्जनवर चालत नाही, प्रो व्हर्जन लागतं. दादानं लायसन्सचा नंबर आणून दिला. मी टाकला. अपग्रेड अर्ध्यावर जाऊन फेल. तीनदा. नंबरात खोट आहे म्हणालो, तर मनगटावर पाना आला.

दादा : मी आणलेल्या वस्तूत खोट? नंबर विकलाय यानं कुणाला तरी! तीन दिवस मशीन बंद!

कॉम्प्युटरवाला : ओरडू नका, काम करू द्या. नेट तोडून आधी नुसतं अपग्रेड करतो. लायसन्सचं मागाहून बघू. दोनदा बंद होऊन चालू होईल, हात लावू नका.

धाकटा : पाणी आहे का कुणाकडे?

दादा : गप बस.

कॉम्प्युटरवाला : माझ्या बाटलीतलं घ्या... हं, प्रो आलं. आता नेट जोडून तुमचा नंबर. नाही घेत. म्हणतंय, दुसऱ्या कॉम्प्युटरवर आधीच लागलाय.

दादा : ऐकलंस, चोरा? दुसरा हात टेबलावर ठेव.

धाकटा : हा घे. तोड. आई विचारेल तेव्हा तूच सांग.

(पाना टेबलावर आदळतो, धाकट्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर.)

कॉम्प्युटरवाला : अहो थांबा! तुमचं खातं उघडलंय. कुठे लागलाय ते इथे दिसतं. परवा सकाळी. कॉम्प्युटरचं नाव, ‘घर’.

दादा : ‘घर’? तो... माझा लॅपटॉप.

कॉम्प्युटरवाला : तिथे कशाला टाकलात?

दादा : खरा आहे का बघायला. ड्रिलचं बिटसुद्धा मी आधी घरच्या भिंतीत चालवून बघतो, मग कारखान्यात आणतो.

कॉम्प्युटरवाला : शेठ, हा नंबर एकाच कॉम्प्युटरला लागतो. तुम्ही तो घरीच खर्च केलात.

दादा : तिथून काढता येतो?

कॉम्प्युटरवाला : येतो. घरी फोन लावा, मी सांगतो कसं ते.

धाकटा : फोन मग लाव. शटर.

दादा : उघडतो. उघडतो रे. ऊठ. मी धरतो तुला पाठीमागून.

धाकटा : नको. तू पुढे चाल, दादा. मला दिसशील असा.