बरणी बदलायला आलेय फक्त

नाही हो आक्का, चहा नको, बसायला आलेलीच नाही मी — बरं, टेकते, पण चहा नकोच, रात्रभर डोळा लागलेला नाही आणि त्यात चहा म्हणजे... कशानं म्हणजे? चटणीनं. हसताय काय, खरंच. काल आमच्या सासूबाईंनी तुम्हाला चटणीची बरणी दिली ना, लहान, पांढरी, तोंडाला फडकं बांधलेली — तिच्यात तिखटाचं प्रमाण जरा चुकलंय. तुम्हाला पित्ताचा त्रास, आणि मी पडल्या पडल्या डोळ्यांसमोर आणतेय, आक्कांनी चमचाभर आमटीत घातली, आक्कांना ठसका लागला... म्हणून ही दुसरी आणली. ही घ्या, ती द्या. बरणी बदलायला आलेय फक्त. मैथू, झोपाळा जोरात नको, आक्काआज्जीची भिंत आहे ती. — होय, एकाच डंकावर कुटलेली, एकाच दिवशी, मान्य, लसूण सोलायला तुम्हीच तर होता माझ्याबरोबर. मग एकच बरणी तिखट कशी? आता ते — तिखट खाली बसतं ना. तळाला. ...नाही बसत? मला वाटलं बसतं. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेय मी, आणि काय बोलतेय बघा.

त्याचं काय आहे, आठवडाभर घर बंद ठेवायचं म्हटल्यावर माझं डोकं जाग्यावर राहत नाही. हे म्हणाले, म्हैसूर-उटीला जाऊ, मैथूला हत्ती दाखवू, आणि मला हत्ती दिसेचना, मला आपलं दाराचं कुलूपच दिसायला लागलं. फोनवर बघत बसले, सुट्टीला जाताना घर कसं सांभाळावं. पेपर बंद केला. दूध बंद केलं. हॉलच्या दिव्याला टायमर लावला, सात वाजले की आपोआप लागायचा, म्हणजे चोराला वाटावं माणसं जेवताहेत. दारात यांचे जुने बूट काढून ठेवले, घरात पुरुषमाणूस आहे असं दिसायला — आणि ते तुम्ही दुसऱ्या दिवशी आत नेऊन ठेवलेत, कुत्रं नेईल म्हणून! नाही, रागावले नाही. मला बरं वाटलं उलट. म्हणजे तेव्हा नाही, आता वाटतंय. — तर त्या व्हिडिओत एक माणूस होता, जाड मिशांचा, म्हणाला, किल्ली ज्याच्याकडे ठेवाल त्याच्यापासूनच आधी सावध... तुमच्याबद्दल नव्हे हो! त्याला काय माहीत शिवाजी पेठेत आक्का राहतात ते. तो आपला सगळ्यांबद्दल बोलत होता. मी पण सगळ्यांबद्दलच ऐकत होते.

ती बरणी तेवढी देता ना? मांडणीवर दिसत नाही. संपवली नाही ना? — नाही, घाई नाही. घाई कशाला असेल. सासूबाई देवळातनं यायच्या आत गेले की झालं. का म्हणजे... आक्का, तुम्ही अशा बघू नका, तुम्ही बघायला लागलात की मला शाळेत असल्यासारखं होतं. ती बरणी तुमची नव्हतीच. नणंदेसाठी भरून ठेवलेली, कबनूरला पाठवायची होती, म्हणजे महिनाभर कुणी हात लावणार नाही असा माझा हिशेब. आणि काल आल्या आल्या मी मैथूला आंघोळ घालत होते, बाहेर येऊन बघते तर मांडणीवर दोनच बरण्या. सासूबाई म्हणतात, ‘आठवडाभर माझ्या देवापुढं दिवा लावला आक्कांनी, रिकाम्या हातानं कशी पाठवू? लहान बरणी दिली बघ.’ मी काय म्हणणार? म्हटलं, बरं केलंत.

पाटल्या आहेत त्यात. झालं, बोलले. सासूबाईंच्या पाटल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, चटणीच्या मधोमध. बँकेत लॉकरला ठेवून ये म्हणून माझ्या हातात दिल्या होत्या, निघायच्या आदल्या दिवशी, आणि गेले तर दुसरा शनिवार, बँक बंद. पहाटे पाचला गाडी. घरी आले तर दारातच विचारतात, ‘ठेवल्यास न्हवं गं?’ — आणि मी म्हणाले, ठेवल्या. का म्हणाले? त्यांनी विचारलं म्हणून. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि होय बाहेर पडलं, लग्नाला सात वर्षं झाली, माझं असंच होतं. आता गुरुवारी त्यांच्या भाच्याचं लग्न. उद्या सोमवार, बँक उघडली की पाटल्या आणायच्या, आणि सकाळी म्हणतात कशा, ‘मी बी येते की संगं, लॉकर बघितला न्हाय मी कधी.’ आज रविवार आहे म्हणून मी अजून उभी आहे, आक्का. त्यांच्यासमोर रिकामा लॉकर उघडायचा? आणि तुमच्याकडं येऊन मागायचं तरी काय म्हणून? मागितलं की तुम्ही विचारणारच...

विचारलंतच. मग पाटल्या माझ्याकडंच का दिल्या नाहीस? — बरोबर आहे. किल्ली दिली की तुम्हाला. देव दिला, दिवा दिला, अख्खं घर दिलं. चोरापासून लपवल्या हो मी, तुमच्यापासून कशाला — आता चोराला काय, तो कुलूप तोडून येणार, त्याला चटणीत हात घालायला वेळ कुठला. चटणीत हात घालायला निवांत वेळ असतो तो... मला कळतंय मी काय बोलतेय. थांबवता येत नाहीये. मैथूला तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईपासून मी पाटल्या लपवल्या, एका मिशीवाल्याचं ऐकून. बोला की काहीतरी. ओरडा.

कुठं निघालात? स्वयंपाकघर इकडं राहिलं, आक्का... साड्यांचं कपाट? चटणी कुणी साड्यांच्या कपाटात ठेवतं का? आणि किल्ली कमरेला? — हीच. हीच ती. पण फडक्याची गाठ तर माझीच आहे, तशीच. तुम्ही उघडलीसुद्धा नाही. न उघडताच कुलपात घातलीत? म्हणजे तुम्हाला — नाही, पण तुम्हाला कसं काय — मैथू, थांब गं, मोठी माणसं बोलताहेत ना, ओढू नको पदर. काय? काय आहे तुझं मध्येच?

‘मी आक्काआज्जीला तेव्हाच सांगितलं होतं, आपण किल्ली द्यायला आलेलो तेव्हा. आई तुझ्यापासून चटणीच्या लहान बरणीत पाटल्या लपवतीय म्हणून. ती म्हणाली, लपवू दे, पण तुझ्या आज्जीला सांगू नको.’