नववी ब

(नांदेड. शाळा नुकतीच सुटली आहे. फाटकाजवळ कडुलिंबाच्या झाडाखाली बाप आणि लेक.)

शेषेराव: आधी पाणी पी. कागद दिला म्या हाफिसात.

शिवांगी: कोणता कागद, आबा?

शेषेराव: कोणता मनजे? तुह्या शाळा सोडायच्या दाखल्याचा. सकाळी अकरालाच दिला. कारकून किशनराव मनले, मोठ्या बाईंची सही होऊ द्या, शाळा सुटल्यावर या. मनून हितं बसून राहिलो.

शिवांगी: अकरापासून?

शेषेराव: मधी आत्याकडं जाऊन आलो. तुहं सामान घिऊन आलो सगळं. ही कपड्याची पिशवी, ही पुस्तकं, ही गादी. गादी काही रिक्षात मावंना. रिक्षावाला मनला, मांडीवर घ्या मामा. घेतली मांडीवर. लोकं बगून राहिले, मनत असतील येडंय कोणी.

शिवांगी: आत्या काय म्हणली?

शेषेराव: काय मनती बिचारी. डोळ्याला पदर लावला. मनली, दादा, महिनाभर पोरगी मह्या घरात हाय, पण दीड चपाती खाती आन् कोपऱ्यात पुस्तक घिऊन बसती. मह्याच्यानं काही कमी पडलं का? म्या मनलं, तुहं काही न्हाई बाई, पोरीचं मनच लागंना तर तू काय करशील. चल आता. साडेपाचची हिमायतनगर गाडी सापडली तर दिवेलागणीला घरी.

शिवांगी: आबा...

शेषेराव: तिथल्या शाळेत बोललो म्या. दयानंद गुरुजी हायत वळखीचे. मनले, पाठवा, नववीत बसवतो. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. गावातल्या चार पोरी हायतच संगं. तुही माय तर सकाळपासून रस्त्याकडं बगून राहिली. परवा तू फोनवर रडलीस ना, तिच्या हातातून पीठच सांडलं.

शिवांगी: आबा, तुमी रागवणार न्हाई ना?

शेषेराव: सोयाबीनातलं कोळपं सोडून आलो, बस बदलून आलो, भर बाजारातून गादी मांडीवर घिऊन आलो. आता रागवायला ताकदच न्हाई राहिली. बोल.

शिवांगी: मला न्हाई यायचं.

शेषेराव: कुठं न्हाई यायचं?

शिवांगी: घरी. म्हणजे दिवाळीला येईन. आज न्हाई.

शेषेराव: परवा काय मनलीस? आबा, मला घिऊन जा, हितं महिना झाला, मह्यासंगं कोणी बोलंना. हेच मनलीस का दुसरं काही?

शिवांगी: हेच म्हणले.

शेषेराव: मंग दोन दिवसात काय सगळ्याहिला कंठ फुटला?

शिवांगी: दोन दिवसात न्हाई. आज. दुसऱ्या तासाला.

शेषेराव: बस हितं. गादीवर बस. सगळं नीट सांग मला.

शिवांगी: इथं दर गुरुवारी मंडळं निवडतात. एक खो-खोचं, एक विज्ञानाचं, एक झाडं लावायचं, एक गाण्याचं. पहिल्या गुरुवारी मॅडम वर्गात आल्या आन् म्हणल्या, खो-खोत कोण कोण येणार? पोरींनी हात वर केले. मी न्हाई केला.

शेषेराव: तू? तालुक्याला कप घिऊन आलेली पोरगी तू. कामून न्हाई केला?

शिवांगी: आपल्या शाळेत कसं होतं, आबा? गुरुजी म्हणायचे, कोण पाहिजे? की सगळा वर्ग वरडायचा, गुरुजी, शिवांगीला घ्या. मी मान खाली घालून बसायची. आपणच आपलं नाव सांगितलं की पोरी म्हणायच्या, बघा, कशी हावरी हाय.

शेषेराव: बराबर हाय. आपल्या तोंडानं आपलं नाव घेऊ नाही. म्याच सांगत असतो तुमाला.

शिवांगी: म्हणून तर थांबले. वाटलं, कोणीतरी म्हणंल. मॅडमनी बारा नावं लिहिली, वही मिटली, गेल्या. दुसऱ्या गुरुवारी विज्ञानाचं मंडळ झालं. तवा पण थांबले. तिसऱ्या गुरुवारी झाडांचं.

शेषेराव: आन् कोणी नाव घेतलं न्हाई.

शिवांगी: कोण घेणार? मी कोण हाय हेच कोणाला ठाऊक न्हाई. आन् पोरींना काय वाटलं, माहिताय? ही कशातच हात वर करत न्हाई, हिला आपल्यात यायचंच न्हाई, लई गर्वाची हाय. हे मला आज कळलं.

शेषेराव: गर्वाची? तू?

शिवांगी: हाव. मी घाबरून गप बसायची आन् त्या मला गर्वाची म्हणायच्या.

शेषेराव: ह्यात तुही काही चूक न्हाई, माय. ते गाव हाय. तिथं शेंबडं पोरगं बी सांगतंय की शेषेरावची पोरगी कशी पळती. हितं कोणाला मालूम? मह्या ध्यानातच आलं न्हाई. बरं, मंग आज काय झालं?

शिवांगी: आज गाण्याचं मंडळ होतं, शेवटचं. आज यादी बंद होणार होती. मी तर आशाच सोडली होती, माझा गळा कसाय तुमाला ठाऊकाय.

शेषेराव: ठाऊकाय. आरतीला तू लागलीस की तुही माय घंटा जोरानं वाजवती.

शिवांगी: मह्या बाकावर मुग्धा बसती. वकिलाची पोरगी हाय. महिनाभर आमी दोघी एका बाकावर, पण खोडरबर दे आन् खोडरबर घे, एवढंच बोलणं. पण गणित सोडवताना ती हळूच गुणगुणती. तिला वाटतं कोणाला ऐकू येत न्हाई. मी रोज ऐकायची. दिवसभरात तेवढंच बरं वाटायचं मला.

शेषेराव: मंग?

शिवांगी: मॅडम म्हणल्या, समूहगानात पुढं उभं राहायला एक आवाज पाहिजे, कोण येतं? सगळे गप. मुग्धा पण गप, वहीवर रेघोट्या मारत होती. मह्या तोंडातून निघून गेलं, मॅडम, मुग्धाला घ्या.

शेषेराव: गावातल्यासारखं वरडलीस?

शिवांगी: लई मोठ्यानं. सगळा वर्ग माघारी वळला. महिनाभरात पहिल्यांदा माझा आवाज ऐकला त्यांनी. मुग्धानं मह्याकडं असं बघितलं, मला वाटलं, गेलं, आता ही खोडरबर पण देणार न्हाई. मॅडमनी तिला उभं केलं. दोन ओळी म्हणली आन् खाली बसली. वर्गात कोणी हालंना. पाचवीपासून ती ह्या शाळेत हाय, आबा. एकाला पण ठाऊक नव्हतं.

शेषेराव: आन् तुला महिन्यात कळलं.

शिवांगी: मला दुसरं काम काय होतं? कोणी बोलत नव्हतं, तर ऐकतच बसायची.

शेषेराव: घेतलं का मंग तिला?

शिवांगी: घेतलं. मधल्या सुट्टीत ती मह्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणली, तू माझं नाव का घेतलंस? मी म्हणले, आमच्याकडं असंच असतं, दुसऱ्याचं नाव आपण घ्यायचं. ती म्हणली, आणि तुझं नाव कोण घेतं? मी म्हणले, तेच तर. कोणी घेतलं न्हाई. अगोदर तिला कळलंच न्हाई. मग कळलं तशी इतकी हसली, इतकी हसली, आन् हसता हसता मला पण हसू फुटलं. मग हात धरून ओढतच शिल्पाकडं घेऊन गेली.

शेषेराव: आता शिल्पा कोण?

शिवांगी: खो-खोची कॅप्टन. मुग्धा तिला म्हणली, ही खेळते, हिला घे. शिल्पा म्हणली, मग महिनाभर झोपली होती का? आमची एक पोरगी पाय मुरगळून घरी बसलीय, आम्ही माणूस शोधतोय. आधी पळून दाखव म्हणली. पळाले. तिघी जणी मागं लागल्या, एकीला पण सापडले न्हाई. खांबापाशी पडले मात्र. हे बघा, सलवार फाटली.

शेषेराव: फाटू दे. गुडघा फुटला का?

शिवांगी: थोडा. शिल्पानं तिच्या बाटलीतलं पाणी वतलं त्याच्यावर. मग म्हणली, डब्यात काय आणलंयस? भाकर आन् अंबाडीची भाजी होती. आत्यानं दिलेली. त्या सगळ्यांनी मिळून फस्त केली, मी डबा बघतच राहिले. उपाशी हाय मी सकाळपासून, आबा. पण लई बरं वाटतंय मला. उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर बोलावलंय. मी येते म्हणले. म्हणताना मला तुमची आठवणच राहिली न्हाई. मग शाळा सुटली, बाहेर आले, तर तुमी गादी घेऊन बसलेले. आबा, रागवलात? तुमी एवढ्या लांबून आलात.

शेषेराव: बारकी होतीस तवा तुला सांगितलं असंल, मी आठवीला हितं नांदेडला बोर्डिंगात होतो मनून.

शिवांगी: हाव. तुमची तब्येत बिघडली म्हणून तुमी माघारी आलात.

शेषेराव: तब्येतीला काय धाड भरली व्हती. अकरा दिस राहिलो. अकरा दिस मह्यासंगं कोणी बोललं न्हाई. पंगतीत मी बसलो की शेजारचा थोडा सरकून बसायचा. हे तुह्या मायला बी सांगितलेलं न्हाई म्या. गावचा एक माणूस भेटला, त्याच्यापाशी रडलो. दुसऱ्याच दिशी बाप आला. काही इचारलं न्हाई, काही बोलला न्हाई. ट्रंक डोक्यावर घेतली आन् मला घिऊन गेला.

शिवांगी: आज्यानं?

शेषेराव: लई जीव व्हता त्याचा मह्यावर. मला बी त्या दिशी वाटलं, सुटलो. पण नंतर कधी मधी वाटायचं, बाप आजून चार दिस आला नसता तर? बाराव्या दिशी एखादं पोरगं बोललं असतं का? आता काय कळणार. परवा तुहा फोन आला आन् म्या बी तसाच उठलो. सकाळी अर्ज लिव्हताना वाटत व्हतं, शिवे, बापानं केलं तेच म्या करून राहिलो.

शिवांगी: मग फोनवरच का न्हाई म्हणलात, थांब चार दिस म्हणून?

शेषेराव: रडत्या लेकराला थांब कसं मनावं? जिभेवर यायचं आन् माघारी जायचं. आता तूच मनलीस, बरं झालं. छातीवरचा धोंडा उतरला मह्या. राग कशाचा? ऊठ, तो कागद माघारी घिऊ आधी.

शिवांगी: आन् ही गादी?

शेषेराव: ती काय, बसंल पुन्हा मह्या मांडीवर. आली तशी जाईल.

किशनराव: देवसरकर कोण? तुम्हीच ना? अहो, मी आत वाट बघतोय, कुलूप लावायचंय मला. हा घ्या दाखला. सही झाली, शिक्का झाला. नशीब तुमचं, मोठ्या बाई आज जागेवर होत्या.

शेषेराव: साहेब, दाखला नको आता.

किशनराव: नको म्हणजे? सकाळी तर माझ्या टेबलाशी उभे राहून सांगत होता, आजच द्या, पोरगी जेवत नाही.

शेषेराव: आज तर जेवलीच न्हाई, साहेब. डबा मैत्रिणींनी खाल्ला.

किशनराव: मग?

शेषेराव: मनूनच तर नको.

किशनराव: मला काही समजलं नाही. मुलीला न्यायचंय का ठेवायचंय?

शिवांगी: सर, मला इथंच शिकायचंय.

किशनराव: असं तोंडी चालत नसतं, बाळ. सही झालेला दाखला रद्द करायचा तर दुसरा अर्ज लागतो. दर जुलैला दोन-चार गावाकडचे पालक येतातच माझ्याकडं, पण ते निदान सहीच्या आधी तरी मन बदलतात. हा घ्या कोरा कागद. इथंच बसून लिहा. पेन आहे?

शेषेराव: हाय.

किशनराव: सकाळच्या अर्जात कारण काय होतं? 'मुलीचे मन लागत नाही.' आता काय लिहिणार?

शेषेराव: मन लागले, असं लिव्हू?

किशनराव: लिहा. खरं असेल तर लिहा.

शेषेराव: खरं हाय. ... मुलीचे... मन... लागले. लिव्हलं. आता?

किशनराव: आता विद्यार्थिनीचं पूर्ण नाव आणि वर्ग.

शेषेराव: शिवे, सांग.

शिवांगी: तुमाला येतं की, आबा.

शेषेराव: येतंय. तरी बी तू सांग. जरा मोठ्यानं सांग, साहेबाला बी ऐकू जाऊ दे.

शिवांगी: शिवांगी शेषेराव देवसरकर. नववी ब.