सगळे उडाले, उतरला कोण?

मंडळी, बसा. मागच्यांनी जरा पुढं सरका – मी चावत नाही, दात गेल्या वर्षीच काढलेत! आता एक सांगा मला. फुकट केलेलं काम म्हणजे सेवा झाली का? दाम घेतला नाही, मान मागितला नाही – झाली सेवा? थांबा, एवढ्यात माना डोलवू नका! आधी ऐका.

वाघोशी नावाचं गाव. तिथं खांबेटे मास्तर राहत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आता निवृत्त माणसानं काय करावं? बागेत बसावं, सरकारला नावं ठेवावीत. हे महाशय विमान उडवू लागले! घरात बसून हो! कॉम्प्युटरवर विमानाचा खेळ असतो. समोर काच, हातात दांडा, खाली अख्खी पृथ्वी. मीही एकदा बसलो होतो. पहिल्याच झेपेत हिमालय ओलांडला... हसू नका पेटीवाले, खालून ओलांडला!

तर मास्तर उडत उडत आपल्या गावावर आले. पाहतात तो काय – गावच नाही! नुसता हिरवा डाग! देऊळ नाही, तळं नाही, गावाबाहेरची जुनी धावपट्टीसुद्धा नाही. मास्तरांच्या काळजाला लागलं. म्हणाले, "जगभरची माणसं आपल्या डोक्यावरून उडतात आणि आपण कुणाला दिसतच नाही?" घेतला ब्रश – म्हणजे उंदीर, कॉम्प्युटरचा – आणि रंगवलं सगळं गाव. खेळाला जोडायचा तुकडा तयार झाला, त्याला अ‍ॅड-ऑन म्हणतात. दसऱ्याला शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर, साऱ्या गावासमोर, विमान वाघोशीत उतरवायचं ठरलं!

पण आधी तपासायला नको? मास्तरांनी देवळाच्या फळ्यावर लिहिलं – स्वयंसेवक हवेत. मानधन नाही. पुण्याहून विमान उडवून गावावर आणायचं, चुका शोधायच्या आणि कळवायच्या. हेच इंटरनेटवरही टाकलं.

काय गर्दी उसळली, मंडळी! आबा शिरसाट छातीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, आपली निष्काम सेवा. चहासुद्धा नको!" कुमुदताई बोरकर म्हणाल्या, "मला तर बाई लहानपणापासून उडायचंच होतं." सगळे उडाले!

आणि तक्रारी येऊ लागल्या. आबांची पहिली – "माझ्या घराला गच्ची नाही." कुमुदताईंची – "आबांचं कुंपण माझ्या परसात घुसलंय." आबा – "घुसलेलंच आहे, ते बरोबर काढलंय!" तिसऱ्याचा नारळ बुटका, चौथ्याचा गोठा निळा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, खुद्द मास्तरांचं घर तीन मजली! प्रत्यक्षात वर एक पत्र्याची खोली, तीही गळकी!

"मास्तर, हे हो काय?"

"चित्रकार आहे मी," मास्तर म्हणाले. "थोडं सौंदर्य घातलं."

झालं! मग प्रत्येकाला सौंदर्य हवं. विमानं आपापल्या घरावर घिरट्या घालतायत, आणि मास्तर मजले चढवतायत. आबांना गच्ची मिळाली, तर त्यांनी झोपाळा मागितला! वाघोशी फुगत चाललं होतं, मंडळी. आणखी आठवडाभरानं न्यूयॉर्क लाजलं असतं!

दसरा तोंडावर आला आणि फिनलंडहून निरोप आला. युहानी नावाचे कुणी आजोबा. लिहितात, "आपलं गाव फार देखणं आहे. पण माझं विमान धावपट्टीला टेकलं की जमिनीत गडप होतं. रोज होतं. उतरायचं कुठे?"

मास्तरांनी आपलं काम पुन्हा उघडून पाहिलं. धावपट्टी रंगवली होती, तिच्याखाली टणक जमीन द्यायचीच राहिली होती! दसऱ्याला साऱ्या गावादेखत विमान पाताळात गेलं असतं, आणि जगात वाघोशीचं नाव झालं असतं ते असं!

सगळ्यांना बोलावलं. "आबा, तुम्ही महिनाभर उडताय. एकदा तरी उतरलात?"

"उतरायचं कशाला?" आबा म्हणाले. "घर वरनंच दिसतं की!"

"कुमुदताई, तुम्ही?"

"मी परसाकडे लक्ष ठेवून होते ना!" मग त्यांनी मास्तरांकडे रोखून पाहिलं. "आणि मास्तर, तुम्ही स्वतः?"

मास्तरही तिसऱ्या मजल्याभोवतीच घिरट्या घालत होते!

कळलं का, मंडळी? ज्याचं इथं घर नाही, दार नाही, परस नाही, त्या एका परक्या म्हाताऱ्याला धावपट्टी दिसली!

मास्तर उठले. एक कळ दाबली – स्वतःचं घर गायब! दुसरी दाबली – सगळं गाव सपाट! आबा किंचाळले, "अहो, माझा झोपाळा!"

"आता पाहायला काही उरलं नाही," मास्तर म्हणाले. "आता उतरा."

आणि उतरले हो सगळे! कुणी रुतलं, कुणी आपटलं, आबा थेट तळ्यात! पण कळवू लागले – इथं मऊ आहे, तिथं टोक उंच आहे. मास्तर दुरुस्त करत गेले. धावपट्टी टणक झाली, मग घरं परत मांडली. जशी आहेत तशी, पत्र्यांसकट.

दसऱ्याला हॉल खच्चून भरला. पडद्यावर विमान आलं, खाली आलं, टेकलं – आणि जमिनीवरच राहिलं! टाळ्यांनी कौलं हलली!

टाळ्या ओसरल्या आणि मागून आबा ओरडले, "मास्तर, चूक राहिलीय!"

मास्तरांचा चेहरा पडला. "आता काय? कुंपण?"

"नाही हो. तळ्याकाठी जागा मोकळी दिसतेय. तुमचं घर मांडायचं राहिलं!"

आबांची ती पहिली सेवा, मंडळी! इतके दिवस फुकट खपत होते, ती नव्हे.

आता आपलं काय? देवळात येता, फरशीवरून फिरता – नजर मूर्तीवर असते, की देणगीदारांच्या नावांत आपलं नाव शोधत असते? उत्तर मला नको, पोटात ठेवा.

उद्या इथं महाप्रसाद आहे. वाढपी हवेत. करा हात वर! वा, वा, किती हात! आता फक्त एक अट – आपल्या घरच्यांच्या पंगतीत वाढायचं नाही.

अहो... हात खाली का गेले?

पेटीवाले, धरा सूर. हात परत वर येईपर्यंत नाम घेऊ!