एकशेवीसवरची कुजबुज

घशाच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता, म्हणून शिक्षिकाबाईंनी शेजारच्या दोघींच्या बोलण्याकडे कान लावले.

“माझ्या लेकीने डिझाइन केलेली गाडी आली बाई एकदाची रस्त्यावर! दोनच सीटची, छप्पर उघडणारी.”

“वाऱ्याने काही ऐकूसुद्धा येत नसेल गं.”

“तिथेच तर तिची करामत! सीटमागे अशी काच बसवलीय, की वारा डोक्यावरून निघून जातो. चाचणीला बापालाच शेजारी बसवलं.”

“भाऊजींना? ऑपरेशनपासून नुसते कुजबुजतात ना ते?”

“म्हणून तर! ‘बाबांचं बोलणं ऐकू आलं तरच गाडी पास,’ म्हणाली. छप्पर उघडलं आणि एकशेवीसवर नेली.”

“अगं, ते स्कूटरसुद्धा चाळिसाच्या वर नेत नाहीत! आलं का ऐकू?”

“स्पष्ट!”

“काय म्हणाले?”

“‘अजून पळव!’”