बसणाऱ्यांसाठी तारे

डिझाइन कॉलेजच्या पत्राला क्लाइव टॅनरने महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. मुलांनी आर्ट गॅलरीत उभारलेल्या प्रकाश-आवाजाच्या खोल्या बघून मत सांगाल का, असं त्यांनी विचारलं होतं. उभा जन्म ग्रंथालयात गेलेल्या माणसाला त्यातलं काय कळणार, असं त्याला वाटलं होतं. आज मात्र पाय होबार्ट शहरातल्या त्या गॅलरीकडे वळले, आणि आत जायचं धैर्य होईना म्हणून तो बाहेरच्या कॉफीच्या रांगेत उभा राहिला. पुढे दोन आजीबाई होत्या.

“ग्वेन, तारे पाहिलेस ना?”

“कसले तारे? माझे गुडघे ठणकत होते, मी आपली अंधारात बसून राहिले.”

“अगं वेडे, त्या खोलीत चाललं की भिंतीवर तारे उगवतात!”

“मला कोण सांगणार? बाहेर येऊन ती खोली करणाऱ्या पोरीला म्हटलं, अंधार छान केलायस हो.”

“रडली असेल बिचारी!”

“रडतेय कसली! धावत जाऊन सरांना घेऊन आली. म्हणे, इथे कुणी नुसतं बसेल हे आम्हाला सुचलंच नव्हतं. आता बसणाऱ्यांसाठीही तारे आणणार आहेत, हळूहळू उगवणारे.”

“सत्तर वर्षांत तुझ्या बसण्याचं पहिल्यांदाच कुणी कौतुक केलं!”

“तर! मंगळवारी परत बोलावलंय मला.”

क्लाइव कॉफी न घेताच रांगेतून बाहेर पडला. गॅलरीच्या दुकानातून त्याने एक पोस्टकार्ड घेतलं, त्यावर कॉलेजचा पत्ता घालून ‘येतो. मला यातलं काहीही कळत नाही,’ एवढंच लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीत टाकून दिलं.