‘गेट अराउंड’च्या उलट काय?

आमच्या आईने पासष्टीत दादरला इंग्रजीचा क्लास लावला होता, त्यातली गंमत ऐका. तेव्हा आम्ही करी रोडची खोली सोडून वडाळ्याला फ्लॅटमध्ये जाणार होतो. आईचं सामान बांधायचा विषय काढला की ती म्हणायची, ‘गणपती होऊ दे.’ गणपती झाले, मग तिचा गुडघा दुखायला लागला.

एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने विचारलं, ‘गेट अराउंड म्हणजे काय रे?’

‘एखादी गोष्ट टाळून, वळसा घालून सुटणं.’

‘आणि त्याच्या उलट?’

‘फेस करणं. समोरासमोर काय ते बोलून टाकणं.’

‘वाक्यात उपयोग करू?’

‘कर की!’

आई ताठ बसली आणि म्हणाली, ‘आय ॲम नॉट कमिंग टू वडाळा.’

मी हसलो. ती हसली नाही.

‘अगं, तिथे तुला वेगळी खोली ठेवलीय,’ मी म्हटलं.

‘माहितेय रे. पण इथे दार उघडलं की चार जणी हाका मारतात. तिथे दिवसभर मी एकटी काय करू?’

मी तिच्यापुढची भाजी ओढून निवडायला घेतली.

शेवटी आम्ही वडाळ्याला गेलो, आई करी रोडलाच राहिली. दर रविवारी बांगड्याचं कालवण घेऊन येते. गेल्या रविवारी तर शेजारच्या तिघींनाही घेऊन आली. बाल्कनीत चहा पिताना त्यांना कौतुकाने सांगत होती, ‘मुलाचं घर आहे. दोन-चार तास बसायला छान आहे!’